वॉर्डातली मैत्री: मालिकेत दिसते ती आणि प्रत्यक्षातली

मानसोपचाराच्या वॉर्डात तीन-चार माणसं भेटतात, त्यांची मैत्री घट्ट होत जाते आणि त्या मैत्रीच्या जोरावर ती बरी होऊन बाहेर पडतात. अशा मालिका आता घरोघरी मोबाईलवर पाहिल्या जातात, बेळगाव, खानापूर, निपाणीकडेही. प्रश्न उठतो तो घरातल्या कुणाला खरोखरच ॲडमिट करायची वेळ आल्यावर. तिथं बांधून ठेवतील का? शॉक देतील का? बाकीच्या पेशंटांच्या संगतीनं हा जास्तच बिघडणार नाही का? इंग्रजांच्या काळापासून धारवाडला मनोरुग्णालय आहे, तेच आजचं ‘डिमहान्स’. आपल्याकडे कुणाची टर उडवताना ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे’ असं म्हणायची सवय त्यामुळेच पडली. ही जुनी भीती आणि मालिकेतली दृश्यं एकत्र आली की माणसं दवाखान्यात जाणं लांबवतात, आणि तेवढ्यात आजार वाढतो.

या मालिकांमधली एक गोष्ट मात्र अगदी खरी आहे. वॉर्डात मैत्री होते आणि ती उपचाराला हातभार लावते. ती कशी होते, कशामुळे उपयोगी पडते आणि कुठं धोक्याची ठरते, हे मालिकेत दाखवत नाहीत. ते इथं सांगायचं आहे.

वॉर्ड कशासाठी असतो

पाय मोडला की प्लास्टर घालतात. हाड प्लास्टर जोडत नाही, हाड आपलं आपण जुळतं. प्लास्टर त्याला हलू देत नाही, एवढंच. मानसोपचाराचा वॉर्ड बराचसा असाच असतो. भास, टोकाचा संशय किंवा खोल नैराश्य यांवरच्या औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्या काळात माणूस स्वतःला इजा करून घेणार नाही, जेवेल, झोपेल आणि गोळ्या वेळेवर घेईल, याची सोय म्हणजे वॉर्ड. बहुतेकांचा मुक्काम दोन ते चार आठवड्यांचा असतो. मालिकेत दिसतात तशी वर्षानुवर्षं आत काढणारी माणसं आता अपवाद आहेत.

आत जाताना सामान तपासतात. पट्टा, पायजम्याची नाडी, ओढणी, ब्लेड, काचेची बाटली, काचेच्या बांगड्या, काडेपेटी, चार्जरची वायर, हे सगळं बाहेर ठेवावं लागतं. घरच्यांना हा अपमान वाटतो. ही सगळी काळजी जीव जपण्यासाठी असते, कारण मरणाचा विचार झटक्यात येतो आणि हाताशी साधन नसलं तर बऱ्याचदा तो झटका निघून जातो. म्हणून पेशंटची पिशवी भरताना नाडीऐवजी इलॅस्टिकचे पायजमे, प्लास्टिकचा पेला, पाठीमागं पट्टा नसलेल्या साध्या चपला घ्या. कपडे त्याचे स्वतःचेच द्या, कायद्यानं तो हक्क दिलेला आहे.

दिवस ठरलेल्या चाकोरीतून जातो. सकाळी चहा, मग गोळ्या, डॉक्टरांचा राउंड, दुपारी थोडी झोप, संध्याकाळी कॅरम किंवा टीव्ही, आठ-साडेआठला पुन्हा गोळ्या. गोळ्यांची वेळ पाहण्यासारखी असते. सिस्टर ट्रॉली घेऊन येते, नाव विचारते, गोळी तळहातावर ठेवते, पाणी देते आणि म्हणते, “जीभ वर करा, आता गाल दाखवा.” गोळी गालाच्या कोपऱ्यात दाबून ठेवायची आणि नंतर बेसिनमध्ये थुंकायची, ही युक्ती प्रत्येक वॉर्डात कुणी ना कुणी करतंच.

मैत्री जमते कशी

बाहेरच्या जगात आजारी माणसाला सतत खुलासे द्यावे लागतात. कामावर का येत नाहीस, नीट का बोलत नाहीस, तुला कमी काय आहे. वॉर्डात हे थांबतं. शेजारच्या कॉटवरचा माणूस एवढंच विचारतो, “रात्री झोप लागली काय?” हा प्रश्न तिथं खरा असतो, कारण विचारणाऱ्यालाही झोप लागलेली नसते.

नवीन पेशंटचे पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण. औषधानं हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते किंवा उलट लाळ गळते, मान आखडते. त्याला वाटतं, आपण संपलो. डॉक्टर सांगतात, “हे कमी होईल, गरज पडली तर त्यावर वेगळी गोळी देऊ.” तेच वाक्य पंधरा दिवस आधी आलेला पेशंट सांगतो, स्वतःचा आता न थरथरणारा हात पुढं करून दाखवतो, तेव्हा ते पटतं. डॉक्टरांचं ज्ञान जास्त असतं. त्या पेशंटजवळ पुरावा असतो.

आपल्या भागातून पंढरीला जाणाऱ्या दिंडीत हेच होतं. पहिल्यांदा चालणाऱ्याच्या पायाला फोड आला की जुना वारकरी शेजारी बसून सांगतो, फोड फोडू नको, फडकं असं बांध, उद्याचा टप्पा लहान आहे. त्या वारकऱ्याकडं वैद्यकाची पदवी नसते, तो रस्ता चाललेला असतो.

रस्ता चाललेल्यांच्या या मदतीवर मोठ्या चळवळी उभ्या राहिल्या आहेत. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारू पिणारी माणसं भेटली, एक शेअर बाजारात काम करणारा, दुसरा शल्यचिकित्सक. एकमेकांशी बोलत राहिलं तर पिण्याची ओढ आवरता येते, हे त्यांना जाणवलं. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं आणि त्याच्या सभा आज जगभर चालतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्यांसोबत काम करतात. स्किझोफ्रेनियासाठी, म्हणजे भास आणि संशय होणाऱ्या आजारासाठी, पुण्यातच ‘सा’ ही संस्था पेशंटांचे आणि नातेवाइकांचे गट चालवते. तेव्हा वॉर्डातली मैत्री ही काही मालिकेसाठी रचलेली कल्पना नाही. ती जपून वापरली तर उपचाराचाच भाग होते.

परदेशी मालिकेत नसलेलं एक माणूस

बाहेरच्या मालिका पाहून वाटतं, वॉर्डात पेशंट एकटे असतात आणि म्हणून एकमेकांना धरतात. आपल्याकडे, विशेषतः सर्वसाधारण रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात, पेशंटसोबत घरचं कुणीतरी राहतं. आपण त्याला अटेंडर म्हणतो. अटेंडर म्हणजे आई, बायको, भाऊ, कधी चुलती.

ही पद्धत नाइलाजानं आलेली नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं. घरच्यांना आजार समजला, पेशंट लवकर घरी गेले आणि घरी नीट राहिले. भारतातल्या मानसोपचाराला त्यातून मोठी दिशा मिळाली.

त्यामुळे इथली मैत्री दोन पेशंटांपुरती राहत नाही. चिकोडीहून आलेली आई आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलाची सौंदत्तीची आई भाकरी-भाजी वाटून खातात, एकीला मराठी कळतं, दुसरीला कन्नड, आणि दोघींना मुलगा रात्रभर जागा राहिला की काय होतं ते न बोलता कळतं. ही घरच्यांमधली मैत्री मालिकेत क्वचितच दिसते. घरच्यांची सततची टीका आणि चिडचिड जिथं जास्त, तिथं आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, हे लंडनमध्ये १९५०-६०च्या दशकांपासून झालेल्या अभ्यासांतून पुढं आलं आहे. आपल्यासारखंच दुसरं घर भेटलं की आईची चिडचिड कमी होते, आणि त्याचा फायदा मुलाला होतो.

“दोन आजारी एकत्र आले तर आजार वाढणार नाही का?”

मानसिक आजार संगतीनं लागत नाही. शेजारच्याला आवाज ऐकू येतात म्हणून तुमच्या मुलाला ऐकू येणार नाहीत. एकाचा भ्रम दुसऱ्यानं उचलण्याचा प्रकार वैद्यकात नोंदलेला आहे, पण तो फार विरळा, आणि तोही जगापासून तुटून वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या जवळच्या नात्यांत, जसं दोन बहिणी किंवा नवरा-बायको. तीन आठवड्यांच्या वॉर्डमित्रांत नव्हे.

खरी काळजी दोन गोष्टींची करावी. स्वतःला इजा करण्याचा प्रकार, विशेषतः कमी वयाच्या मुलामुलींत, बघून उचलला जातो. तसं काही दिसलं तर लगेच सिस्टरला सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे तंबाखू, गुटखा, दारू. व्यसनाच्या पेशंटांमध्ये बाहेर पडल्यावर ‘एकदाच बसू’ म्हणणारा मित्र सगळी मेहनत धुऊन टाकतो. मैत्री झाली तर दोघांचा समान धागा उपचाराचा आहे की व्यसनाचा, हे घरच्यांनी शांतपणे पाहावं.

मालिका जिथं जीव धोक्यात घालते

ठरलेलं दृश्य असं असतं: मित्र मिळून गोळ्या टॉयलेटमध्ये टाकतात, रात्री पळून जातात, समुद्र पाहतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा जीव येतो. पाहायला सुंदर असलं तरी त्यामागं लपलेलं सत्य घातक आहे, म्हणून यावर जरा थांबायला हवं.

गोळ्या बंद केल्यावर पहिले काही दिवस माणसाला खरंच बरं वाटतं. जडपणा जातो, लाळ थांबते, डोकं हलकं होतं. औषधाचे त्रास आधी उतरतात आणि आजार काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परततो. मालिकेचा भाग नेमका त्या मधल्या हलक्या दिवसांत संपतो. पुढचं कुणी दाखवत नाही: झोप दोन-तीन तासांवर येते, बोलणं वाढतं किंवा एकदम थांबतं, संशय सुरू होतो, आणि पुन्हा ॲडमिट करावं लागतं.

गोळ्यांची देवाणघेवाण याहून वाईट. “मला या गोळीनं छान झोप लागते, तू घेऊन बघ,” असं प्रेमानं म्हटलं जातं. भास-संशयावरचं क्लोझापिन हे औषध साधारण १२.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यानं आपली १०० ची गोळी नव्या माणसाला दिली, तर त्याचा रक्तदाब कोसळून तो बेशुद्ध पडू शकतो. ज्याचं क्लोझापिन दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलं, त्यानंही जुना डोस एकदम घ्यायचा नाही, डॉक्टर पुन्हा कमी डोसपासून चढवतात. मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमचं तसंच. उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं, म्हणून शेवटची गोळी घेतल्यावर १२ तासांनी रक्त तपासतात. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं किंवा अंगदुखीसाठी ब्रुफेनसारखी गोळी मनानं घेतली, तर लिथियम रक्तात साठतं. हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, बोलणं अडखळणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी डोस थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

चांगला वॉर्डमित्र सांगतो, “मलापण या गोळीनं वजन वाढलं, उद्या राउंडला दोघं मिळून विचारू.” गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. त्यासाठी विचारावं लागतं. एकट्याला जो संकोच वाटतो तो दोघांना वाटत नाही, आणि मैत्रीचा सगळ्यात मोठा उपयोग मला तरी इथंच दिसतो.

बांधणं, कोंडणं, शॉक: कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. तो कर्नाटकालाही लागू आहे आणि महाराष्ट्रालाही, म्हणजे पेशंट धारवाडला न्या, मिरजेला न्या की रत्नागिरीला, हक्क तेच.

प्रौढ माणूस स्वतःहून दाखल झाला असेल, तर तो स्वतः डिस्चार्ज मागू शकतो. धोका वाटला तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. जो स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नाही, जिवाला किंवा दुसऱ्याला धोका आहे किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, त्याच्यासाठी ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ अर्ज करतो. हा म्हणजे पेशंटनं आपल्या वतीनं बोलायला निवडलेला माणूस, निवडलेला नसेल तर सहसा घरचं कुणीतरी. दोन तज्ज्ञांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. या अर्जावर दाखल ठेवणं ३० दिवसांपर्यंतच. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांसाठी सात दिवसांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाला कळवावं लागतं, आणि त्या मंडळाकडं पेशंटला तक्रारही करता येते. मोफत कायदेशीर मदतीचाही हक्क आहे.

साखळीनं बांधायला पूर्ण बंदी. एकट्याला कोंडून ठेवायला बंदी. सक्तीनं डोकं भादरायला बंदी. तात्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही वेळापुरतं धरून किंवा बांधून ठेवता येतं, पण त्याचं कारण आणि वेळ लिहावी लागते आणि प्रतिनिधीला २४ तासांत सांगावं लागतं. शॉक ट्रीटमेंट भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देता येत नाही. सहा ते आठ तास उपाशी ठेवून, भुलेखाली, काही सेकंदांची फिट आणतात, पेशंटला ती कळत नाही. सहसा आठवड्यात दोन-तीन वेळा, एकूण सहा ते बारा. जेवण-पाणी सोडलेल्या खोल नैराश्यात ती जीव वाचवते. मालिकेत दिसणारं तडफडणं हे जुन्या, भुलेशिवायच्या पद्धतीचं चित्र आहे.

कन्नड वॉर्डात मराठी पेशंट

सीमाभागात हा प्रश्न खास आपला. बेळगाव शहरात बहुतेक ठिकाणी दोन्ही भाषा चालतात, धारवाडला मात्र खानापूरच्या खेड्यातला माणूस अडखळतो. हाड मोडलं तर बोट दाखवून सांगता येतं, मन दुखतंय हे फक्त शब्दांनीच सांगता येतं. ‘जीव नकोसा झालाय’ हे आपण वैतागूनही म्हणतो आणि मरणाच्या विचारातही म्हणतो. ‘अंगात येतं’ म्हणजे देवाचं वारं की झटका, हे विचारूनच ठरतं. चुकीचा अर्थ गेला तर निदान चुकतं.

म्हणून केसपेपर काढतानाच सांगा की पेशंट मराठी बोलतो. समजेल त्या भाषेत माहिती मिळणं हा २०१७च्या कायद्यातला हक्क आहे. दुभाष्या शक्यतो कर्मचाऱ्यांपैकी असावा. घरचे सांगताना लाजेनं अर्धं गाळतात, आणि वॉर्डातल्या कन्नड मित्राला दुभाष्या केलं तर पेशंटची खाजगी गोष्ट नकळत उघड्यावर पडते. त्या मित्राकडून चहा, पाणी, पोट दुखतं, डॉक्टर कधी येणार, एवढे शब्द जरूर शिकावेत.

डिस्चार्जनंतर

घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे वॉर्डातल्या दिवसांपेक्षा जोखमीचे असतात, आत्महत्येचा धोका या काळात वाढलेला असतो. मालिका इथं संपते, मैत्रीचं खरं काम इथं सुरू होतं. रोज संध्याकाळी एक फोन पुरतो: “जेवलास? गोळी घेतलीस? झोपलास किती?”

काही गोष्टी मात्र बाहेर पडण्याआधीच दोघांनी ठरवून घ्याव्यात. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात घरच्यांसोबत असताना समोरासमोर आलो तर ओळख दाखवायची का? कुणी विचारलं तर कुठं भेटलो म्हणून सांगायचं? डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन कायद्यानं आहे, शेजारच्या कॉटवरच्या मित्रावर नाही, म्हणून हा शब्द एकमेकांनाच द्यावा लागतो. ज्याचं लग्न जमतंय किंवा नोकरी नवी आहे, त्याच्यासाठी यावर फार काही अवलंबून असतं.

पैसे उसने द्यायचे नाहीत, निदान पहिले सहा महिने. मेनियात, म्हणजे मनाचा अतिउत्साह चढलेला असताना, माणूस हजारो रुपये सहज वाटून टाकतो. वॉर्डात जुळलेल्या प्रेमाला थोडा वेळ द्यावा, दोघंही स्थिर झाल्यावर ते टिकत असेल तर टिकेल.

आणि एक शपथ कधीच घ्यायची नाही: ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ मित्र मरणाचं बोलला तर ते त्याच्या घरच्यांना सांगायचंच, त्याला राग आला तरी. रात्री कुणी भेटत नसेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२.

घरच्यांनी त्या मित्राला घरी येऊ द्यावं का? जरूर. पहिल्यांदा दुपारी, तासाभरासाठी, घरात कुणीतरी असताना. तो आला की आपल्या मुलाचा चेहरा कसा होतो ते बघा. तो गेल्यावर मुलगा जेवला, रात्री झोपला, तर मैत्री चांगली आहे. गोळ्यांबद्दल कुजबुज वाढली, घराबाहेर उशिरापर्यंत राहणं सुरू झालं, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला.

तपासणीच्या तारखा दोघांनी एकाच दिवशी मागून घ्याव्यात, ओपीडीत सांगितलं तर बहुतेकदा देतात. दर महिन्याला धारवाड गाठणं जमत नसेल तर कर्नाटकातल्या तालुका रुग्णालयांत ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात, निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्यावी. सकाळची बस दोघांनी एकत्र धरावी, फाइल, डिस्चार्ज कार्ड आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्यावीत. रक्त तपासायचं असेल त्यानं सकाळची लिथियमची गोळी न घेता यावं, रक्त दिल्यावर घ्यावी. दुसऱ्यानं ती आठवण आदल्या रात्री फोनवर करून द्यावी.